दीर्घ आजारात कंपनीचा पगार आणि ईएसआयचा लाभ: तारखांचा हिशेब

वाचकाचे पत्र

माझे यजमान भोसरीतील एका कारखान्यात २०१९ पासून मशीन ऑपरेटर आहेत. त्यांना मणक्याचा क्षय झाल्याचे निदान झाले आणि ४ ऑगस्टपासून ते कामावर गेलेले नाहीत. पगार १८,००० रुपये आहे. ओव्हरटाइमचे साधारण ४,००० रुपये वेगळे, रोख, हातात मिळत. कंपनीने सुरुवातीचे ४२ दिवस त्यांच्या साठलेल्या रजेत धरून पूर्ण पगार दिला. “आधी रजा संपवावी लागते, मग ईएसआय,” असे एचआरच्या साहेबांनी सांगितले होते. १५ सप्टेंबरपासून ईएसआयचे, म्हणजे राज्य कामगार विम्याचे, पैसे सुरू झाले. ऑक्टोबरपासून मालकांनी माणुसकीने महिन्याला ६,००० रुपये द्यायला सुरुवात केली आणि तेव्हापासून ईएसआयच्या शाखा कार्यालयाने ऑक्टोबर व नोव्हेंबरचे दावे अडवून ठेवले आहेत. “कंपनी पगार देते आहे, मग आम्ही कसे देणार,” असे तिथे म्हणतात. माझे दीर म्हणतात की दोन्हीकडून घ्यावे, कोण बघायला येते. मालकांचे पैसे आम्ही नाकारावेत का? रजा आधी संपवली ही चूक झाली का? डॉक्टरांच्या मते फेब्रुवारीच्या सुरुवातीला बसून करण्यासारखे काम जमू शकेल. तोपर्यंत हे पैसे पुरतील का, आणि कंपनी त्यांना काढून तर टाकणार नाही ना? पगाराच्या स्लिपांचे फोटो सोबत पाठवत आहे.

— एक वाचक, भोसरी

उत्तर

ताई, तुम्ही स्लिपांचे फोटो पाठवलेत हे फार चांगले केलेत, कारण दावा कुठे अडला आहे ते तुमच्या पत्रापेक्षा त्या स्लिपांवर अधिक स्पष्ट दिसते. ऑक्टोबरच्या स्लिपवर ‘दिवस’ या रकान्यात १० लिहिले आहे, त्यापुढे वेतन ६,००० रुपये आणि कपातीच्या बाजूला, अगदी खाली, ईएसआय ४५ रुपये. मालकांनी ही रक्कम माणुसकीने दिली यात मला शंका नाही. पण ज्या कारकुनाने पगारपत्रक तयार केले त्याने ती मदत म्हणून न दाखवता दहा दिवसांचा पगार म्हणून दाखवली. वेतनाच्या पाऊण टक्का ही कामगाराच्या वर्गणीची रक्कम असते आणि ६,००० रुपयांवर ती बरोबर ४५ रुपये होते. म्हणजे राज्य कामगार विमा महामंडळाच्या, ज्याला आपण सारे ईएसआयसी म्हणतो त्याच्या, संगणकावर तुमचे यजमान ऑक्टोबरमध्ये दहा दिवसांचा पगार मिळालेले कामगार म्हणून दिसत आहेत आणि त्याच महिन्याच्या सगळ्या दिवसांसाठी त्यांचा आजारपणाचा दावाही समोर आहे. शाखा कार्यालयातील कर्मचाऱ्याने तो दावा बाजूला ठेवला, याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. पण संपूर्ण महिनाच अडवणे मात्र बरोबर नाही, आणि तुमचे पैसे नेमके इथूनच सुटणार आहेत.

यामागचा नियम एका वाक्यात सांगता येतो. ज्या दिवशी कामगार काम करतो, किंवा ज्या दिवसाच्या रजेचा अथवा सुट्टीचा त्याला पगार मिळतो, त्या दिवसाचा आजारपणाचा लाभ त्याला मिळत नाही. १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्यापासून हे असेच चालत आले आहे. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असली तरी या तरतुदीचा गाभा बदललेला नाही. या वाक्यातील ‘त्या दिवसाचा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नियम महिन्याचा नाही, दिवसाचा आहे. कंपनीने महिन्यात दहा दिवसांचा पगार दिला असेल तर त्या दहा दिवसांचा लाभ जातो. उरलेल्या वीस-एकवीस दिवसांवर तुमच्या यजमानांचा हक्क पूर्वीइतकाच शाबूत आहे. म्हणूनच, कंपनीकडून किती रुपये आले यापेक्षा ते कोणत्या तारखांच्या नावावर लिहिले गेले याला अधिक महत्त्व आहे, आणि तुमच्या बहुतेक सगळ्या प्रश्नांची उत्तरे त्या तारखांमध्येच आहेत.

आता रुपयांत पाहू. साधा आजारपणाचा लाभ सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के असतो. ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या आजारासाठी ही सरासरी आधीच्या ऑक्टोबर ते मार्च या वर्गणीच्या काळावरून काढतात. त्या सहा महिन्यांत पगार एकूण १,०८,००० रुपये आणि दिवस १८२, म्हणजे दिवसाला सुमारे ५९३ रुपये. त्याचे ७० टक्के म्हणजे दिवसाला सुमारे ४१५ रुपये आणि तीस दिवसांचे साधारण १२,४५० रुपये. कंपनीने ऑक्टोबरमध्ये दहा दिवसांचे ६,००० दिले. तेच दहा दिवस ईएसआयकडून घेतले असते तर ४,१५० रुपये मिळाले असते. म्हणजे मालकांच्या मदतीमुळे तुमच्या हातात प्रत्यक्षात जास्तीचे १,८५० रुपये आले, आणि त्या १,८५० रुपयांपायी उरलेल्या दिवसांचे आठ हजारांहून अधिक रुपये कार्यालयात अडकले. मालकांना हा हिशेब समजावून सांगितला तर ते नक्की ऐकतील असे मला वाटते, कारण मदत करताना असे काही होईल हे त्यांच्या मनातही आले नसणार.

तेव्हा पहिले काम म्हणजे अडलेले दोन महिने सोडवणे. शाखा कार्यालय अशा वेळी कंपनीकडून गैरहजेरीची पडताळणी मागवते. त्यासाठीच्या कागदाला फॉर्म १० म्हणतात. कामगार कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कामावर नव्हता आणि त्यांपैकी कोणत्या दिवसांचा रजेचा किंवा सुट्टीचा पगार त्याला दिला, हे कंपनीने त्यात लिहायचे असते. तुमच्या बाबतीत एचआरने एकतर हा फॉर्म पाठवलेला नाही, किंवा पाठवताना तारखा न लिहिता ‘पगार दिला’ एवढेच मोघम लिहिले आहे. तुम्ही एचआरला साध्या कागदावर एक अर्ज द्या. त्यात विमा क्रमांक, आजाराची तारीख आणि पुढील मजकूर पुरे: “ऑक्टोबर व नोव्हेंबर या महिन्यांत प्रत्येकी दहा दिवसांचे वेतन मला मिळाले आहे. हे वेतन कोणत्या तारखांचे आहे ते, आणि उरलेल्या दिवसांचे वेतन मिळालेले नाही हे, फॉर्म १० मध्ये नमूद करून शाखा कार्यालयास कळवावे, ही विनंती.” अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. त्याच दिवशी शाखा कार्यालयातही एक पत्र द्या की त्या दहा-दहा दिवसांचा लाभ आम्ही मागत नाही, बाकीच्या दिवसांचा मंजूर करावा. स्वतःहून दहा दिवस सोडून देणारे हे पत्र फाइलमध्ये असले की पुढच्या माणसाला संशय घ्यायला जागा राहत नाही आणि दावा पुढे सरकतो.

तुमच्या दीरांनी जो मार्ग सुचवला तो त्यांनी काळजीपोटीच सुचवला असणार, पण कृपा करून त्या वाटेला जाऊ नका. कंपनी दर महिन्याला प्रत्येक कामगाराचे पगाराचे दिवस आणि वेतन ईएसआयसीला ऑनलाइन कळवते, त्यामुळे ‘कोण बघायला येते’ या प्रश्नाचे उत्तर असे आहे की कोणी यायची गरजच पडत नाही. चुकीने घेतलेला लाभ परत करावा लागतो. खोटे सांगून घेतला असे ठरले तर शिक्षेची तरतूद आहे. आणि त्याहून वाईट म्हणजे, ज्या माणसाला अजून कित्येक महिने दर महिन्याला दाव्याचा फॉर्म ९ भरायचा आहे त्याच्या फाइलवर एकदा का असा शेरा पडला की पुढचा प्रत्येक फॉर्म संशयाने वाचला जातो. अनेक वर्षे मी कामगारांचे हे फॉर्म भरून देत आलो आहे. ज्या घरांनी असे ‘दोन्हीकडून’ घेतले त्यांच्यावर ती वसुली नेमकी घरात पैसा सर्वांत कमी असताना येऊन पडलेली मी पाहिली आहे.

मालकांची मदत नाकारावी का, तर मुळीच नाही. पण ती डिसेंबरपासून पगारपत्रकातून घेऊ नका. मालकांना विनंती करा की एकतर त्यांनी ही रक्कम कोणत्याही दिवसाच्या वेतनाशी न जोडता एकरकमी मदत म्हणून द्यावी आणि तसे चार ओळींचे पत्र द्यावे, किंवा ती परतफेडीची उचल असेल तर उचल म्हणून द्यावी आणि ती कधी, किती हप्त्यांत कापणार हेही आत्ताच लिहून द्यावे. दर महिन्याच्या सात-आठ तारखेला ठरावीक रक्कम, तीही ईएसआयची कपात करून येत राहिली, तर तिला नाव काहीही दिले तरी ती पगारासारखीच दिसणार. उचल असेल तर तिचा एक धोका लक्षात ठेवा: यजमान कामावर परतल्यावर पहिल्या दोन-तीन पगारांतून ती एकदम कापली गेली तर आजारपणापेक्षा अवघड महिने त्यानंतर येतात. म्हणून हप्ता लहान ठरवून घ्या.

दिवाळीचा बोनस मिळाला असेल तर त्याची धास्ती बाळगू नका. वार्षिक बोनस हा आजारपणाच्या दिवसांचा पगार नसल्यामुळे त्याने लाभातला एक रुपयाही कमी होत नाही. क्षयरुग्णांना पोषणासाठी निक्षय योजनेतून खात्यावर जमा होणाऱ्या पैशांचेही तसेच आहे. ही रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये झाली आहे. यजमानांची नोंद झाली नसेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यातील क्षयरोग विभागात ती करून घ्या.

आता त्या ४२ दिवसांच्या रजेकडे येतो. ईएसआयचा लाभ मिळण्याआधी साठलेली रजा संपवावी लागते असे कोणत्याही नियमात नाही, आणि एचआरच्या साहेबांनी तसे सांगायला नको होते. रजा ही कामगाराची कमाई असते आणि ती केव्हा घ्यायची हे अर्ज करून त्याने ठरवायचे असते. आजार पंधरा-वीस दिवसांचा असता तर मी याला सरळ नुकसान म्हटले असते, कारण रजाही गेली असती आणि ईएसआयकडून काही मिळालेही नसते. तुमच्या बाबतीत मात्र हिशेब वेगळा आहे. रजेच्या पगाराचे दिवस लाभाच्या दिवसांत मोजले जात नाहीत. साधा लाभ दोन लागोपाठच्या लाभकाळांत (म्हणजे लाभ मोजण्याच्या सहा-सहा महिन्यांच्या काळांत) मिळून जास्तीत जास्त ९१ दिवस मिळतो, आणि त्या ९१ मधला एकही दिवस ४ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर या काळात खर्च झालेला नाही. लाभ फक्त पुढे सरकला आणि त्या ४२ दिवसांत तुम्हाला ४१५ ऐवजी दिवसाला ६०० रुपये मिळाले. आता ती रजा रद्द करून घ्यायची, तिचे २५,२०० रुपये कंपनीला परत करायचे आणि त्या दिवसांचा लाभ मागायचा, असा सल्ला तुम्हाला कोणी दिला तर तो ऐकू नका. त्यात धावपळ फार आहे आणि हाती काही लागत नाही. तोटा झाला तो एकाच गोष्टीत: पुढे एखादा दिवस कमी पडला तर भरून काढायला आता गाठीला रजा उरलेली नाही. तो दिवस कुठे कमी पडू शकतो ते पुढे सांगतो.

इथे इतर वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती वारंवार विचारली जाते. ज्या कंपन्यांत अर्ध्या पगाराची आजारी रजा असते तिथे ईएसआय लागू असलेल्या कामगारांना ती रजा न देण्याची मुभा नियमांनी मालकाला दिलेली आहे. तसेच आजारपणासाठी कंपनीची रजा घेतली तर तिच्या पगारातून ईएसआयच्या लाभाइतकी रक्कम वजा करून फक्त फरक देण्याचीही मुभा आहे. असे केले म्हणजे मालक कामगाराला लुबाडतो असा अर्थ होत नाही. पण अशी व्यवस्था असेल तर ती आधी लेखी ठरवून, शाखा कार्यालयाच्या कानावर घालून आणि स्लिपवर ‘ईएसआय लाभ वजा’ असा स्पष्ट रकाना दाखवूनच करावी. पूर्ण पगाराची रजा दाखवायची आणि मागाहून तोंडी ठरल्याप्रमाणे पैसे कापून घ्यायचे, असे झाले तर कामगाराला ईएसआयचेही मिळत नाहीत आणि पूर्ण पगारही मिळत नाही.

पैसे कुठवर पुरतील, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला आनंदाने देता येते. १५ सप्टेंबरपासून मोजले आणि कंपनीने पगार दिलेले वीस दिवस वगळले तर ९१ दिवस साधारण ३ जानेवारीला संपतात. त्यानंतर विस्तारित आजारपण लाभ सुरू होतो. तो क्षय, कर्करोग, पक्षाघात, मूत्रपिंडाचा दीर्घ विकार अशा ३४ ठरावीक दीर्घ आजारांसाठीच असतो आणि त्याचा दर ७० नव्हे तर ८० टक्के असतो. तुमच्या यजमानांच्या बाबतीत तो दिवसाला साधारण ४७५ रुपये, म्हणजे तीस दिवसांचे १४,२५० रुपये होईल. त्यासाठी आजार सुरू होताना सलग दोन वर्षांची नोकरी आणि आधीच्या चार वर्गणीकाळांत मिळून किमान १५६ दिवसांची वर्गणी लागते. २०१९ पासून नोकरीत असलेल्या माणसाची या दोन्ही अटी पूर्ण झालेल्या असतात. हा लाभ आधी १२४ दिवसांपर्यंत देतात, पुढे तपासणी करून ३०९ दिवसांपर्यंत वाढवता येतो, आणि योग्य प्रकरणांत एकूण दोन वर्षांपर्यंतही नेता येतो. मणक्याच्या क्षयाची औषधे वर्षभर किंवा त्याहून अधिक चालू शकतात, पण लाभ औषधे चालू आहेत म्हणून नव्हे, तर काम करता येत नाही म्हणून मिळतो, हे ध्यानात असू द्या.

हा बदल आपोआप होईल असे समजून मात्र थांबू नका. निदानाचे कागद, एमआरआयचा अहवाल आणि ईएसआय रुग्णालयातील तज्ज्ञाचा शेरा फाइलमध्ये असल्याशिवाय शाखा कार्यालय ९१ दिवसांनंतर पैसे थांबवते. मोहननगर, चिंचवडच्या ईएसआय रुग्णालयात तुम्ही जातच असाल, तर डिसेंबर संपण्याआधीच तिथल्या डॉक्टरांकडून हे करून घ्या. मालकांनी डिसेंबरमध्ये पुन्हा दहा दिवसांचा पगार दाखवला तर ८० टक्क्यांचा दर तेवढे दिवस आणखी पुढे जाईल, हेही पगारपत्रकातून मदत न घेण्याचे एक कारण आहे.

मघाशी ‘कमी पडणाऱ्या दिवसा’चा उल्लेख केला, तो असा. ऑक्टोबर ते मार्च या वर्गणीच्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली असेल तरच पुढच्या जुलै ते डिसेंबर या काळात कोणत्याही नव्या आजारासाठी साधा लाभ मिळतो. लाभ घेत असतानाचे दिवस यात धरत नाहीत, पगाराचे दिवस धरतात, आणि रजेचा पगारही त्यात येतो. यजमान २ फेब्रुवारीला हजर झाले तर फेब्रुवारीचे २७ आणि मार्चचे ३१ मिळून ५८ दिवस होतात. त्यात मालकांनी ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये पगार दाखवलेले २० दिवस मिळवले की बरोबर ७८ होतात. म्हणूनच मी वर म्हटले की ते वीस दिवस सोडून द्या. ते रद्द करून घ्या असे मी म्हटलेले नाही. एचआर कदाचित म्हणेल की दावा सोडवण्यासाठी आम्ही ती नोंदच काढून टाकतो. त्याला नको म्हणा. त्या ४५-४५ रुपयांच्या कपातीमुळे तुमच्या कुटुंबाला जुलैनंतरचे संरक्षण मिळू शकते. अर्थात हा हिशेब काठावरचा आहे, विनापगारी एक गैरहजेरीही तो बिघडवू शकते, आणि फेब्रुवारीत प्रकृतीने साथ दिली नाही तर तो सोडून द्यावा. या क्षयासाठीचा विस्तारित लाभ ७८ दिवसांवर अवलंबून नाही. तो आजार सुरू झाला तेव्हाच्या पात्रतेवर चालतो. ७८ दिवस भरावेत म्हणून दुखऱ्या पाठीने माणसाला मशीनवर उभे करू नका.

कामावर परतण्याबद्दल आणखी एक काळजी. ईएसआयमध्ये अर्धवट लाभ असा प्रकार नाही. ‘दोन तास येऊन जा, नव्या मुलाला सेटिंग दाखव’ असे सुपरवायझरने प्रेमाने सांगितले आणि यजमानांनी जाऊन हजेरीपटावर सही केली, तर तो पूर्ण दिवस कामाचा धरला जाईल आणि पगार दोन तासांचा मिळाला तरी त्या दिवसाचा लाभ जाईल. हलके काम म्हणून कंपनीने कमी पगार ठरवला तर त्यातला फरकही ईएसआय भरून देत नाही. म्हणून डॉक्टरांनी कामावर जाण्यास योग्य असल्याचा शेवटचा दाखला दिल्यावरच, आणि काम कोणते व पगार किती हे आधी विचारूनच त्यांनी जावे. परतल्यावर पंधरा दिवसांच्या आत त्रास पुन्हा उलटला आणि दाखला मिळाला तर, एरवी सुरुवातीचे जे दोन दिवस बिनलाभाचे जातात, ते या वेळी जात नाहीत.

ओव्हरटाइमच्या रोख पैशांचा विषय तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात, पण मला त्याचे सर्वांत जास्त वाईट वाटले. ईएसआय लागू होण्यासाठीच्या २१,००० रुपये पगाराच्या मर्यादेत ओव्हरटाइम धरत नाहीत, पण नोव्हेंबर २०२५ पर्यंतच्या जुन्या कायद्यात वर्गणी आणि लाभ काढताना तो वेतनातच धरत. ते ४,००० रुपये स्लिपवर आले असते तर सरासरी दैनिक वेतन ५९३ ऐवजी ७२५ झाले असते आणि आजचा लाभ ४१५ ऐवजी ५०७ रुपये. दिवसाला ९२ रुपये, म्हणजे ९१ दिवसांत ८,३०० हून अधिक आणि ८० टक्क्यांच्या काळात दिवसाला आणखी जास्त. कंपनीने यातून स्वतःची सव्वातीन टक्क्यांची वर्गणी, म्हणजे महिन्याला १३० रुपये, वाचवली. महिना ६,००० देण्याइतके मन असलेल्या मालकांना हा आकडा दाखवावा असे मला वाटते, पण आज नाही. आज तुम्हाला त्यांच्याकडून फॉर्म १० हवा आहे आणि यजमानांची जागा राखलेली हवी आहे. ते कामावर रुजू झाले की पहिल्याच महिन्यापासून ओव्हरटाइम स्लिपवर घ्यायची मागणी करा, आणि जुन्या रोख रकमांची काही नोंद, एखादी वही किंवा मोबाइलवरचे संदेश असतील तर जपून ठेवा. भोसरी, चाकण, तळवडे, जिथे कुठे हे सदर वाचले जात असेल, तिथल्या प्रत्येक घराने आज रात्री स्लिप काढून त्यावर किती पगार लिहिला आहे ते पाहावे, कारण आजारपणात हातात पडणारी रक्कम त्याच आकड्यावरून निघते.

नोकरीबद्दलची तुमची भीती समजते. आजारपणाचा लाभ चालू असताना मालकाला कामगारास काढून टाकता येत नाही, त्याला शिक्षा करता येत नाही, आणि त्या काळात दिलेली काढण्याची नोटीस ग्राह्य धरली जात नाही. हे संरक्षण कायमचे नाही. फार लांबलेल्या आजारात, नियमांनी घातलेली मुदत उलटल्यावर, नोकरीच्या अटींत तशी तरतूद असेल तर मालक रीतसर नोटीस देऊ शकतो, पण क्षयासाठी ही मुदत साध्या आजारापेक्षा जास्त आहे आणि तुम्ही तिच्या जवळपासही नाही. मला भीती नोटिशीची नाही, राजीनाम्याची वाटते. ‘सही कर, सगळा हिशेब एकदम देतो, बरा झालास की परत घेऊ’ असे सांगून आजारी माणसाकडून राजीनामा घेतलेला मी अनेकदा पाहिला आहे. त्या कागदावर सही झाली की मालकाला काढावेच लागत नाही. यजमानांना सांगून ठेवा की घरी कोणी कागद घेऊन आले तर ‘बायकोला दाखवून उद्या देतो’ एवढेच म्हणायचे.

दावा मागण्यासाठी बारा महिन्यांची मुदत असते, तेव्हा ऑक्टोबरचे पैसे बुडाले असे समजू नका. शाखा कार्यालयाने फॉर्म १० मिळूनही उरलेल्या दिवसांचा लाभ नाकारला तर नाकारण्याचे कारण लेखी मागा. ते घेऊन प्रादेशिक कार्यालयात तक्रार करता येते आणि त्यापुढे कामगार विमा न्यायालय आहे. बहुतेक वेळा लेखी कारण मागितल्यावरच काम होते.

शेवटी तुमच्या पत्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेला प्रश्न: यजमानांना महिनाभर विश्रांतीसाठी गावी न्यावे का. न्या, पण आधी ईएसआयच्या डॉक्टरांची परवानगी घ्या आणि ती केसपेपरवर लिहून घ्या. लाभ घेत असलेल्या माणसाने परवानगीशिवाय उपचाराचा परिसर सोडू नये असा नियम आहे, आणि नेमके त्या महिन्यात तपासणीचे बोलावणे आले तर दाव्यात पुन्हा अडचण येईल. गावाला किती दिवस राहणार, तिथे औषधे कुठून घेणार आणि मधला दाखला घ्यायला कोणत्या तारखेला परत येणार, हे डॉक्टरांना सांगा. औषधांचा पुरवठा निघण्यापूर्वीच मोजून घ्या.